धोरणाच्या भाषणात श्लोक घालावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही एका लोकप्रतिनिधीची भाषणं लिहिता. घर बांधायला जे सरकारी भूखंड वाटले जातात ते नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावेत, असा प्रस्ताव ते मांडणार आहेत. भाषणाची सुरुवात ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ने करायची, असा साहेबांचा आग्रह आहे. आणि मागच्या बैठकीत विरोधातल्या एकाने मनुस्मृतीतलीच ओळ वाचून दाखवली, की बायकोला स्वतःचं धन नसतंच. आता ग्रंथाचा आधार घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, आणि त्या ओळीला उत्तर काय द्यावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी तीसेक वर्षं धर्मशास्त्र आणि मीमांसा (वेदवचनांचा अर्थ लावण्याचं शास्त्र) शिकवली. या काळात ‘ताई, अमुक विषयावर एखादा चांगला श्लोक काढून द्या ना’ असे फोन किती आले त्याची गणती नाही. विषय पाण्याचा असो, करांचा असो, शिक्षणाचा असो, त्या फोनचा क्रम एकच असायचा. भूमिका ठरलेली, भाषणाची तारीख ठरलेली, आणि श्लोक तेवढा राहिलेला. बरीच वर्षं मी देतही होते. पुढे मी आधी एक प्रश्न विचारायला लागले: हा श्लोक तुमच्या विरुद्ध निघाला, तर तुम्ही भूमिका बदलाल का? ‘हो’ असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही. म्हणजे तुमच्या भूमिकेचं कारण श्लोकात नाही, ते दुसरीकडे कुठेतरी आहे. ते शोधा आणि तेच सांगा, हे माझ्या उत्तराचं सार. पण तुमचा प्रसंग इतक्यावर सुटणारा नाही, कारण समोरच्याने ओळ वाचून ठेवली आहे. म्हणून जरा खोलात जाते.

साहेबांच्या श्लोकापासून सुरू करू. ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः’ ही ओळ मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातली, छप्पन्नावा श्लोक. तो एकटा वाचला की स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा वाटतो. पण पोथी उघडून मागचापुढचा मजकूर वाचा. पंचावन्नावा श्लोक सांगतो की बाप, भाऊ, नवरा आणि दीर यांनी स्त्रियांचा मान ठेवावा, त्यांना दागिन्यांनी नटवावं; ज्यांना स्वतःचं कल्याण हवं आहे त्यांनी हे करावं. आणि एकोणसाठावा श्लोक त्या पूजेचा अर्थ उघडच सांगतो: ‘भूषणाच्छादनाशनैः’. दागिने, वस्त्रं, अन्न. तेही सत्काराच्या आणि उत्सवाच्या प्रसंगी. मीमांसेत आम्ही विधी आणि अर्थवाद असा भेद करतो. विधी म्हणजे ‘हे कर’ अशी आज्ञा, आणि अर्थवाद म्हणजे ती आज्ञा मनावर ठसावी म्हणून केलेली स्तुती किंवा निंदा. इथे घरातल्या स्त्रियांना दागदागिने, लुगडी द्यावीत हा विधी, आणि ‘तिथे देवता रमतात’ हा त्याचा अर्थवाद. जमीन, घर, मालकी यांचा या पाच श्लोकांत मागमूस नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीये. मुलींच्या वारसाहक्कावरच्या एका सभेसाठी मीच हा श्लोक एका कार्यकर्तीला लिहून दिला होता. तिने तो सुरेख म्हटला. मग मागच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांची पोथी पाठ होती. त्यांनी शांतपणे एकोणसाठावा श्लोक म्हटला, त्याचा अर्थ सांगितला आणि विचारलं, ‘म्हणजे मुलीला साडी-चोळी द्यावी, एवढंच ना?’ सभेतली पुढची वीस मिनिटं मनूला काय म्हणायचं होतं यावर गेली. ज्या मुलीचा हिस्सा भावांनी परस्पर लिहून घेतला होता, ती तिथेच बसलेली होती. तिच्याविषयी कुणी बोललंच नाही. त्या वीस मिनिटांची जबाबदारी माझी होती, आणि ती गोष्ट मला आजही टोचते.

आता विरोधकाची ओळ. ती बहुधा आठव्या अध्यायातली असणार: ‘भार्या पुत्रश्च दासश्च त्रय एवाधनाः स्मृताः’. बायको, मुलगा आणि दास हे तिघे धनहीन समजले जातात, ते जे मिळवतील ते ज्याचे ते आहेत त्याचं. ओळ खरी आहे, अर्थही साधारण तोच आहे. ‘असं लिहिलेलंच नाही’ किंवा ‘हे नंतर कुणीतरी घुसडलं’ असं म्हणायच्या फंदात पडू नका. तुमच्याकडे पाठभेदांचा अभ्यास नसेल तर तिथे पाय घसरणार. परंपरेने या ओळीचं काय केलं, ते मात्र तुम्हाला माहीत हवं.

पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रश्न येतो की यज्ञ करण्याचा अधिकार स्त्रीला आहे का. पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेली बाजू, म्हणतो, यज्ञाला द्रव्य लागतं आणि बायकोला स्वतःचं द्रव्य नसतं. मग अधिकार कुठून येणार? आणि तो आधाराला हेच वचन आणतो, थोड्या वेगळ्या पाठात. सिद्धान्त, म्हणजे शेवटचा निर्णय, ते मान्य करत नाही. फळाची इच्छा पुरुषाइतकीच स्त्रीलाही असते, आणि तिचा द्रव्याशी संबंधही असतो. शबरस्वामी या सूत्रांवरच्या आपल्या भाष्यात म्हणतात की असं निर्धनत्व स्मृतीत सांगितलेलं असलं तरी ते अन्याय्य आहे, कारण ते श्रुतीच्या, म्हणजे वेदाच्या, विरुद्ध जातं. त्या वचनातून फार तर व्यवहारातलं अस्वातंत्र्य घ्यावं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच मीमांसकांनी ही ओळ जशीच्या तशी घेणं नाकारलं आहे. ग्रंथाने बोलणाऱ्याला ग्रंथाने उत्तर द्यायचं असेल तर हे देता येईल.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग झालंच की, शबरस्वामींना घेऊन भाषण लिहितो. जरा थांबा. तुमच्या प्रस्तावाला याहून चपखल वचन आहे, ते आधी देते, आणि मग त्याचं काय होतं ते दाखवते.

आपस्तंब धर्मसूत्रात एक छोटा सूत्रगट आहे: ‘जायापत्योर्न विभागो विद्यते। पाणिग्रहणाद्धि सहत्वं कर्मसु। तथा पुण्यफलेषु। द्रव्यपरिग्रहेषु च।’ नवरा-बायकोत वाटणी नसते. हात हातात घेतल्यापासून ते कर्मांत, पुण्याच्या फळांत आणि द्रव्य मिळवण्यात एकत्र असतात. पुढे असंही म्हटलं आहे की नवरा परगावी असताना बायकोने प्रसंगाला धरून काही दान दिलं तर ती चोरी होत नाही. घर दोघांच्या नावावर करा, असं सांगायला याहून जवळचं वचन मला माहीत नाही. वर्गात हा भाग शिकवताना मुली अंमळ ताठ बसायच्या, ते मी पाहिलं आहे.

आता हेच सूत्र विरोधकाच्या हातात द्या. ‘न विभागो विद्यते’ हे शब्द धरून तो म्हणेल, बघा, शास्त्रच सांगतं की वाटणी नाही. मग उताऱ्यावर दुसरं नाव कशाला? नवऱ्याचं नाव म्हणजेच दोघांचं नाव. तेच सूत्र, तेच शब्द, आणि निष्कर्ष अगदी उलट. हा पेच काही माझ्या मनचा नाही. या सूत्राचा विभाग-निषेध कशाला लागू होतो, धार्मिक कर्मांना की धनालाही, हा विचार विज्ञानेश्वराला मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या त्याच्या टीकेत, करावाच लागला होता. म्हणजे सर्वांत जवळचं वचनसुद्धा तुमचा प्रश्न सोडवत नाही. तो प्रश्न असा आहे, की नवऱ्याने दारूच्या उधारीपायी भूखंड विकायला काढला तर बायकोची सही लागेल की नाही. आपस्तंबासमोर नोंदणी कार्यालय नव्हतं.

माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. ग्रंथ फार तर सांगतो की कशाची काळजी घ्यावी: दुबळ्यांची, आश्रिताची, परक्याची, विधवेची. ती काळजी कोणत्या नियमाने, कोणत्या खात्यातून, किती खर्चात आणि कोणती अट घालून घ्यायची, हे ग्रंथ सांगत नाही. या दोहोंमधलं अंतर माणसाला स्वतःच्या विचाराने भरून काढावं लागतं. वचन पुढे करणारा ते अंतर झाकतो. त्याला वाटतं आपण बळकट आधार दिला, पण प्रत्यक्षात त्याने निर्णय अर्थ लावणाऱ्याच्या हाती सोपवलेला असतो. आणि अर्थ लावणारे दोन्ही बाजूंना असतात.

मग ग्रंथाला हातच लावायचा नाही का? असं मी म्हणणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर. १८५५ साली विधवाविवाहाच्या बाजूने लिहिताना त्यांनी स्पष्टच म्हटलं की नुसत्या युक्तिवादाने इथले लोक मानणार नाहीत, शास्त्र दाखवावं लागेल. त्यांच्यासमोरची अडचणच शास्त्राची होती. शास्त्रात नाही, म्हणून लग्न नाही. तेव्हा त्यांनी पराशरस्मृतीतला श्लोक काढला: ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ। पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते॥’ नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. आणि पराशरच का? कारण ‘कलौ पाराशरः स्मृतः’, कलियुगासाठी पराशराचा धर्म, असं त्याच स्मृतीच्या पहिल्या अध्यायात म्हटलं आहे.

यावर जो वाद झाला तो पाहण्यासारखा आहे. विरोधी पंडितांनी ‘पतौ’ हा शब्द धरला. पाणिनीच्या नियमाने ‘पति’ शब्द एकटा असला की सप्तमी ‘पत्यौ’ होते. ‘पतौ’ हे रूप समासातच चालतं. म्हणून इथे ‘पतितेऽपतौ’ वाचा, म्हणजे ‘अपति’, ज्याच्याशी नुसतं वाग्दान झालं आहे, लग्न अजून लागलेलं नाही असा पुरुष. एका न दिसणाऱ्या ‘अ’ने विधवेचा पुनर्विवाह हा वाग्दत्त मुलीचा विवाह होऊन गेला! दुसरी बाजू म्हणाली, हा ऋषींचा प्रयोग आहे, आर्ष आहे, त्याला व्याकरणाचा नियम लावू नका. शिवाय माधवाचार्यांनी पराशरावरच्या टीकेत हा श्लोक दुसऱ्या युगासाठी म्हणून बाजूला ठेवलेला होता, त्यालाही उत्तर द्यावं लागलं. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पुढचे दोन श्लोक. त्यांपैकी पहिल्यात ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेची स्तुती आहे आणि दुसऱ्यात सहगमन करणाऱ्या, म्हणजे सती जाणाऱ्या, स्त्रीची. पराशर प्रमाण मानला की हे दोन्ही श्लोक मानेवर बसतात. विद्यासागरांचं उत्तर असं होतं, की पराशराने तीन मार्ग सांगितले, त्यातला सहगमनाचा सरकारने बंद केला आहे, उरले दोन. सहगमन बंद झालं ते १८२९च्या कायद्याने. म्हणजे वचनाचा अर्थ पुरा करायलाही त्यांना कायद्याची मदत घ्यावी लागली.

१८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्यांच्या अर्जावर सुमारे हजार सह्या होत्या. विरोधातल्या एकट्या मुख्य अर्जावर छत्तीस हजारांवर. म्हणजे शास्त्रार्थाने जनमत वळलं असं म्हणता येत नाही. चौदा वर्षांनी, १८७० साली, पुण्यात शंकराचार्यांसमोर याच विषयावर वाद झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. तरीही मी विद्यासागरांना दोष देणार नाही. शास्त्राचं कुलूप होतं, त्यांनी शास्त्राची किल्ली केली. आणि विधवा मुलींचे हाल त्यांनी आधी पाहिले होते, श्लोक मागाहून शोधला. त्यांचं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या प्रकरणाची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. सगळा वाद ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता त्यांच्या पोथ्यांवर झाला. पण असंख्य जातींमध्ये पाट, म्हणजे विधवांचे पुनर्विवाह, लागतच होते, त्यांना पराशराची परवानगी कधीच लागली नव्हती. १८५६च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. पुढे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या उच्च न्यायालयांनी हे कलम पाट लावणाऱ्या जातींतल्या बायकांनाही लावलं. अलाहाबादने मात्र वेगळा निर्णय दिला. पोथीत जिचा विचारच नव्हता तिचं नुकसान झालं. तुमच्या प्रस्तावात अशी कोण बाई आहे, हे श्लोक शोधण्याआधी शोधा.

हा काही एकाच धर्माचा प्रश्न नाही. २०१८च्या जूनमध्ये अमेरिकेत सीमा ओलांडून येणाऱ्या कुटुंबांतली मुलं आईबापांपासून वेगळी केली जात होती. तेव्हाचे महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा दाखला दिला: सत्ता देवाने नेमलेली आहे, कायदे पाळा. दुसऱ्या बाजूने लगेच लेवीय पुस्तक काढलं: तुमच्यात राहणाऱ्या परक्याला आपल्यातल्यासारखं वागवा, कारण तुम्हीही मिसरात परके होता. हा तेरावा अध्याय पूर्वीही असाच वापरला गेला होता. पळून गेलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कायदा १८५० साली झाला, तेव्हा त्याच्या समर्थकांनी हाच अध्याय पुढे केला. विरोधकांनी अनुवाद पुस्तकातलं वचन काढलं, की मालकाकडून पळून आलेल्या दासाला परत देऊ नकोस. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीला याच अध्यायाचा टेकू मिळत होता, आणि १९८५ साली तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी ‘कैरोस’ नावाच्या दस्तऐवजात त्या वाचनावर कडक टीका केली. आणि ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये जे निवडक बायबल छापलं, त्यातून इस्राएल लोक मिसरातून सुटून निघाल्याची कथाच गाळली होती. वचन आपल्या बाजूचं आहे अशी खात्री असणाऱ्यांनाही कात्री घ्यावी लागली.

उलट दिशेचाही दाखला देते, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली, तेव्हा मांडणी कुराणातूनच केली होती. चौथ्या सूऱ्यातली (अध्यायातली) तिसरी आयत म्हणते की न्यायाने वागवता येणार नाही अशी भीती असेल तर एकच बायको करा. त्याच सूऱ्यातली एकशे एकोणतिसावी म्हणते की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये समान न्याय तुम्हाला जमणार नाही. दोन्ही एकत्र वाचली की बंदी निघते. पुष्कळ उलेमांनी हे अमान्य केलं. त्यांच्या मते दुसरी आयत मनातल्या ओढीविषयी आहे, खर्च आणि वागणुकीविषयी नाही. तरी नियम टिकला. माझ्या मते तो आयतींच्या जोडणीने टिकला नाही. तो कायदा म्हणून नीट लिहिला गेला, त्याला शिक्षा होती आणि तो राबवला गेला, म्हणून टिकला.

आपल्याकडच्या न्यायालयांचा अनुभवही पाहा. १९८५च्या शाहबानो निकालात मुख्य मुद्दा सरळ होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, म्हणून पोटगी द्या. उच्च न्यायालयाने ठरवलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे होती. पण निकालात पुढे कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातल्या आयती आल्या, आणि देशभर वाद पेटला तो बराचसा आयतींचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का, या प्रश्नावर. १९८६ साली नवा कायदा आला. पोटगीवाचून राहिलेली म्हातारी बाई वादातून कधीच बाजूला पडली होती. २०१७च्या तीन तलाक निकालात तीन न्यायाधीश एका निष्कर्षाला पोचले, पण वाटा दोन होत्या. दोघांनी ती पद्धत मनमानी आहे, राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम १४ ला धरून नाही, असं म्हटलं. तिसऱ्यांनी ती कुराणाला धरून नाही असं म्हटलं. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला उद्या कुणी आयतीचा वेगळा अर्थ लावला तरी फरक पडत नाही. मी पोथीवाली बाई आहे, तरी कायदा करायचा असेल तर मला पहिलीच वाट बरी वाटते.

श्रोते कोण, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. देवळातल्या सप्ताहात कीर्तनकाराने आपस्तंब सांगितला, तर तो श्रोत्यांच्या आणि स्वतःच्या समान श्रद्धेतून बोलतो. त्याला माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. तुमचे साहेब सभागृहात उभे राहणार आहेत. भूखंड मिळणाऱ्यांत मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती बायका आहेत, आणि कोणताच धर्म न मानणाऱ्याही असतील. भाषण मनूच्या श्लोकाने सुरू झालं की ही योजना दुसऱ्या कुणाच्या तरी घरची आहे, असं त्यांना पहिल्याच वाक्यात वाटेल. शिवाय २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, ते ज्यांच्या घरात आजही आदराने आठवलं जातं, त्यांच्यासमोर त्या ग्रंथातली गोड ओळ निवडून म्हणणं म्हणजे बाकीच्या ओळी त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत असं दाखवणं. साहेबांच्या मनात असं काही नसेल, पण ऐकणाऱ्याला लागायचं ते लागतं.

प्रचारसभेचं भाषण असेल तर अजून एक गोष्ट. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. नुसतं वचन उद्धृत केल्याने हे कलम लागत नाही, पण वचन आणि मताची मागणी एकाच परिच्छेदात आणू नका. मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

आता तुमच्या मसुद्याकडे येते. सुरुवातीचा श्लोक काढा. त्या जागी एक बाई आणा, तिचं नाव न घेता: भूखंड नवऱ्याच्या नावावर, त्याने तो परस्पर विकला, आणि घरी सांगितलं ते खरेदीदार जागा मोजायला आला त्या दिवशी. तुमच्या कार्यालयात अशा तक्रारी आल्याच असतील. मग आकडे: मागच्या दहा वर्षांत वाटलेल्या भूखंडांपैकी किती विकले गेले, त्यांपैकी किती एकाच सहीने, नवरा गेल्यावर किती बायकांची नावं लागली आणि त्याला किती दिवस लागले. हे संबंधित कार्यालयातून मागवा. वेळ लागेल, म्हणून आजच अर्ज द्या. मग पूर्वीचा अनुभव: प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे, तिथे काय अडचणी आल्या, तेही मांडा. अडचणी लपवू नका. कर्ज काढताना दोन सह्या लागतात म्हणून लोक कुरकुरतात, हा खरा आक्षेप आहे. त्याला उत्तर द्यावंच लागेल आणि ते उत्तर कोणत्याही स्मृतीत सापडणार नाही.

मनूची ओळ पुन्हा निघाली, तरच तिला उत्तर द्या. आपणहून काढू नका. वेगळ्या चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहून साहेबांच्या खिशात ठेवा. पहिलं: या ओळीतून बायकोचं निर्धनत्व काढणं शबरस्वामींनीच अन्याय्य ठरवलं आहे. दुसरं: १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक आहे, तेव्हा हा प्रश्न या सभागृहापुरता सत्तर वर्षांपूर्वी मिटला. एवढं बोलून भूखंडांवर परत यावं. तिथे रेंगाळलात की माझ्या त्या सभेसारखी वीस मिनिटं जातील.

साहेब श्लोकाशिवाय ऐकायलाच तयार नसतील, तर आपस्तंबाची चारही सूत्रं शेवटाकडे घ्या, पहिलं न गाळता, आणि त्याआधी एक वाक्य जोडा: ‘आमची कारणं आम्ही सांगितली, ही भावना आमच्या परंपरेतही आहे, एवढंच दाखवायला हे वचन.’ साहेबांना विचारूनही बघा, की ही सूत्रं नसती तर त्यांनी प्रस्ताव मागे घेतला असता का. ते ‘नाही’ म्हणाले, की लगेच विचारा, ‘मग का आणला?’ ते जे सांगतील ते लिहून घ्या. बहुधा भाषणाचं पहिलं वाक्य त्यातच सापडेल.

मसुदा झाला की पाठवा. सूत्रांचा पाठ आणि क्रमांक मी छापील प्रतीवरून तपासून देईन.